पाहुण्यांच्या बागेतला झोका

मित्रांनो, अशी दप्तरं टाकू नका माझ्या अंगावर! मी काही बाक नाही. बाकाचा मला भारी राग आहे, आणि का आहे तेही आज सांगून टाकते. मी सागाची जुनी फळी आहे, आखाजीच्या झोक्याची फळी. माझी एक कड फुटलेली आहे आणि अंगावर खिळ्यांची भोकं आहेत. आखाजीला अजून अवकाश आहे, म्हणून मला या निंबाखाली आडवी टाकून ठेवली आहे. तेवढ्यात तुम्ही शाळा सुटल्यावर आलात आणि बसलात की माझ्यावर! बसा आता. पण ऐका.

आपल्या गावचं नाव मी मुद्दामच घेणार नाही. घेतलं तर बागेचं जुनं भांडण पुन्हा उकरलं जाईल. माझा जन्म खांडबाऱ्याच्या पलीकडल्या डोंगरातला. आगगाडी नवीनच सुरू झाली होती. माझ्या सागाचे ओंडके वाघिणीत भरून इथल्या टेशनावर आले. धुडकू सुताराने मला बैलगाडीच्या तळाला बसवण्यासाठी रंधा मारला आणि नेमकी माझ्या पोटात गाठ निघाली. "ही गाडीले चालाव नही," असं म्हणून त्याने मला भिंतीला टेकवून ठेवलं. मी फार रडवेली झाले होते. पण त्याची धाकटी लेक धनू तिथेच खेळत होती. तिने मला मिठीच मारली आणि म्हणाली, "बाबा, हाई माले दे. आखाजीले झोका बांधसूत."

धुडकूने मला दोन्ही टोकांना दोरासाठी खाचा पाडल्या, करडईचं तेल चोळलं, आणि या निंबाच्या फांदीला टांगलं. गाडीची फळी झाले असते तर जन्मभर कपाशीची गाठोडी वाहिली असती. झोक्याची झाले आणि माझं सोनं झालं.

आखाजी म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, हे तुम्हाला सांगायला नको. वाडवडिलांच्या नावाने घागर भरायची, आमरस-पुरणपोळी करायची, आणि लग्न झालेल्या लेकींना माहेरी आणायचं. दिवाळीला एखादी राहून जाईल, पण आखाजीला माहेरी न येणारी लेक म्हणजे तिच्या घरात काहीतरी बिनसलंच असं लोक धरून चालतात. वर्षभर सासरी खालमानेनं वागलेली बाई त्या दिवशी माझ्यावर उभी राहते, गुडघे वाकवते, आणि निंबाच्या शेंड्याला पाय लावून येते. गाणीसुद्धा अशी म्हणतात की सासूने ऐकली तर ठसका लागावा!

धनूची जिवाभावाची मैत्रीण होती रेवा. गावचे पुढारी इंद्रसिंग पाटील यांची ती एकुलती एक लेक. सुताराची पोर आणि पाटलाची पोर, पण माझ्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. पुढे धनूचं लग्न म्हसावदला झालं आणि रेवाचं तळोद्याकडल्या एका गावी. धनूची धनुबाई झाली, रेवाची रेवाबाई. दोघींची भेट वर्षातून एकदाच, आणि तीही माझ्यावर. खाली बाया टाळ्या पिटत गाणं म्हणायच्या आणि वर या दोघी हळूच एकमेकींना सगळं सांगून घ्यायच्या. कुणाचं मूल दगावलं, कुणाला नवऱ्याने मारलं, कुणाचा दिवस चांगला गेला. ते सगळं मी ऐकलं आहे. कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

आखाजी सरली की मला धुडकूच्या माळ्यावर ठेवायचे. तिथे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा काढायचा. काय सांगू मित्रांनो, वाट बघणं म्हणजे काय ते मला विचारा. वाळवीची भीती वाटायची नाही तेवढी या दोघींच्या पावलांची आठवण यायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग गावात बागेचं खूळ शिरलं.

झालं असं की, तोरणमाळच्या डोंगरावर थंड हवा खायला जाणारे लोक आपल्याच टेशनावर उतरायचे. सुरतेकडचे शेठ यायचे, कधी एखादा गोरा साहेब बंदूक घेऊन यायचा. बैलगाड्या जुंपून येईपर्यंत ते टेशनाच्या आवारात घाम पुसत बसायचे. इंद्रसिंग पाटलांना त्याची लाज वाटली. माणूस तसा वाईट नव्हता हो! गावाचं नाव व्हावं, एवढीच त्यांना हौस. त्यांनी बाग कमिटी काढली. गावकीचा पैसा घालायचा, टेशनाजवळच्या याच निंबाभोवती बाग करायची, विहिरीच्या पाण्यावर कारंजं उडवायचं, कुंपण घालायचं, असं ठरत आलं.

त्यासाठी सभा भरली ती निंबाखालीच, होळीच्या आधी. झोका धड आहे ना, ते बघायला म्हणून मला तेव्हा माळ्यावरून खाली काढलेलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

भिला नावाचा एक शेतकरी होता, बोलायला फटकळ. तो उठला आणि म्हणाला, "पाटीलबाबा, पावनासले सावली पाहिजे हाई खरं. पन मंग आमन्या आंडेरी कोठे झोका खातीन? उनमा?"

आंडेर म्हणजे लेक. सभेतल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

पाटील म्हणाले, "भिला, गावनं नाव व्हयी. तोरणमाळले जानारा लोक आठेच उतरतस. तेसले बसाले चांगली जागा नको का?"

"नाव व्हयी ते व्हयी. पन गाव कोठे बसी?"

सभेत हशा पिकला. पाटलांना तो झोंबला. वाद दिवस मावळेपर्यंत चालला. कुणी म्हणे, पाहुणे आले तर दुकानं चालतील. कुणी म्हणे, आपल्याच पैशाने आपल्यालाच कुंपणाबाहेर ठेवायचं ही कुठली तऱ्हा? शेवटी पाटलांच्या शब्दापुढे कुणाचं काही चाललं नाही. पाहुणे असतील तेव्हा गावकऱ्यांनी आत यायचं नाही, असं ठरलं. आणि माझं? माझं तर फारच चांगलं झालं! मला दोन दगडी खांबांवर आडवी ठोकली आणि बाक केला. पहिला खिळा माझ्या अंगात शिरला तेव्हा मी किंचाळले असते, पण फळीला कुठलं तोंड?

आता यातली खरी गंमत ऐका. बाग उघडायचा दिवस कमिटीने पाहुण्यांच्या सोयीने इंग्रजी तारखेवर ठरवला. तोरणमाळला जाणारी एक मोठी मंडळी त्या दिवशी उतरणार होती. तारीख धरली, पण तिथी कुणी पाहिलीच नाही. आणि ती तिथी निघाली नेमकी आखाजी! ध्यानात आलं तोवर पाहुण्यांना कळवून झालं होतं. पाटील म्हणाले, होईल निभावून.

निभावतं कसं? आपल्याकडे शेतावरच्या सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. त्या दिवशी जुना गडी मोकळा होतो आणि नवा अजून लागलेला नसतो. बैलही सोडलेले असतात. मग विहिरीवर मोट कोण हाकणार? मोट नाही तर हौदात पाणी नाही, आणि हौद कोरडा तर कारंजं काय वाऱ्याने उडणार? ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कमिटीतल्या एकूण एक माणसाच्या घरी सालदार होते, पण पाहुण्यांच्या नादात कुणाच्या डोक्यात ती आलीच नाही. गाडीवानसुद्धा पोळ्या खाऊन आडवे झाले होते.

पाहुणे भर दुपारी उतरले. आत आले. कारंज्याच्या तोटीतून एक थेंब निघेना. माझ्याकडे तर कुणी पाहिलंसुद्धा नाही. एका शेठाने माझ्यावर रुमाल झटकला आणि म्हणाला, खुर्च्या नाहीत का? बघा! ज्यांच्यासाठी मला खिळे ठोकले, ते माझ्यावर टेकलेसुद्धा नाहीत. खुर्च्यांसाठी पळापळ झाली, आणि बाया-बाप्ये कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते.

त्या गर्दीत मला धनुबाई दिसली. डोईवर भरलेली घागर होती. उभ्या उन्हात ती आत माझ्याकडे बघत होती, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून तळोद्याच्या वाटेकडे बघत होती. माझा जीव नुसता तुटत होता. मीही त्याच वाटेकडे बघत होते.

शेवटी ती फाटकाशी आली. तिथे उदेसिंग रखवालदार उभा होता.

"अक्का, आज गाववालासले आत जाता येत नही," तो म्हणाला. "पावना येल शेतस."

"मंग मी कोन शे?" धनुबाई म्हणाली. "म्हसावदथीन गाडीमा बशीसन उनू. आखाजीले आंडेर गावनी पावनीच ऱ्हास ना रे?"

तेवढ्यात पाटील स्वतःच धावत आले. चेहरा उतरलेला. पाहुण्यांना प्यायला पाणी हवं होतं. धनुबाईच्या डोक्यावरची घागर दिसली आणि त्यांनी स्वतःच फाटक उघडलं. धनुबाईने काही अट घातली नाही. तहानलेल्या माणसापुढे अट घालायची रीत आपल्याकडे नाही. तिने सगळ्यांना ओंजळी भरभरून पाणी पाजलं. मग ती माझ्यापाशी आली, खिळ्यांवरून हात फिरवला, आणि पाटलांकडे वळली.

"आबा, रेवा कोठे शे? मी सकायपाईन तिनी वाट देखी ऱ्हायनू."

पाटील खाली बघायला लागले. म्हणाले, "तिले मीच निरोप धाडा. अवंदा पावना शेतस, धावपळ शे. पुढला वरीसले ये."

धनुबाईच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. रागानेही आणि दुःखानेही.

"आबा, ह्या पावना तुमन्हं नाव तरी जानतस का? आनि जी तुमन्हं नाव लाईसन सासरले नांदस, तिले तुम्हीन ये नको सांगं?"

पाटील तडक गेले आणि लोखंडी पहार घेऊन आले. पाहुण्यांच्या देखत, डोक्यावरचा फेटा बाजूला ठेवून, त्यांनी स्वतः माझे खिळे उपसले. सुतारकाम त्यांना कुठलं येतंय? माझी कड तेव्हाच फुटली. पण मित्रांनो, देवाशपथ सांगते, ते दुखणं मला गोड लागलं. भिलाने दोर आणला. फाटक सताड उघडलं गेलं. दिवस कलताना मी पुन्हा फांदीला लागले आणि सगळ्या गावच्या लेकी आत धावल्या.

धनुबाई एका टोकावर उभी राहिली. दुसऱ्या टोकावर चढायला एक बाई पुढे आली, तर धनुबाई म्हणाली, "नको वं माय. तठे रेवा उभी ऱ्हास." एकाच बाजूला भार, त्यामुळे मी तिरपीच झुलले. तिने गाणं म्हटलं नाही. ती रडत होती, आणि जरा वेळाने मला कळलं की पाटीलही निंबाला पाठ लावून रडत आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच पाटलांनी स्वतःची दमणी, म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी, तळोद्याकडे पिटाळली. दमणी रिकामी परत आली. रेवाच्या सासरच्यांनी सांगून पाठवलं, "सण झाला. आता पेरणीची तयारी आहे. तुम्हीच म्हणालात ना पुढच्या वर्षी, मग पुढच्या वर्षी पाठवू." त्यांचं तरी काय चुकलं? पाटलांचाच शब्द त्यांनी पाटलांना परत केला.

त्या वर्षी भादव्यात हिवतापाची साथ आली. तापात रेवाबाई गेली.

त्याला आता किती वर्षं झाली, मी मोजत नाही. बाग सगळ्यांना मोकळी झाली. तोरणमाळचे पाहुणेही येतात, निंबाखाली बसतात, पाणी पितात, जातात. आता ते आणि गावची माणसं एकाच सावलीत बसतात, आणि कुणाचं काही अडत नाही. त्या दिवशी आलेल्या बड्या मंडळींतल्या एकाचंही नाव आज गावात कुणाला आठवत नाही. इंद्रसिंग पाटील थकलेत. आखाजीला मात्र काठी टेकत येतात, घागर घेऊन माझ्याजवळ बसतात, आणि झोक्यावर येणाऱ्या प्रत्येक पोरीला पाणी देऊन विचारतात, "कोना गावथीन उनी वं बेटा?" तिने सांगितलं की मान हलवतात, आणि तळोद्याकडलं गाव निघालं की पुन्हा एकदा विचारतात.

मित्रांनो, मला जपा, तेल लावा, पावसात टाकू नका, असं सगळं मी सांगू शकते, आणि ते केलंत तर मला आवडेलही. पण लाकडाचं काय, आज आहे उद्या चुलीत आहे. उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कमिटीत बसाल, कुणासाठी काय बांधायचं त्यावर वाद घालाल. खुशाल घाला. फक्त घरची लेक, बहीण येते म्हणाली तर तिला पुढच्या वर्षावर ढकलू नका. गाडी जुंपा. बैल दमले असतील तर शेजाऱ्याचे मागा, पण तिला आणायला जा.