पट्टीवालीसाठी बाजूला काढलेले मासे

धक्क्यावर तिला नावानं हाक कुणी मारलीच नाही. पहिल्या आठवड्यातच ती ‘पट्टीवाली’ झाली, कारण लाकडी मोजपट्टी छातीशी कवटाळून ती बोटींच्या गर्दीत उभी राहायची. सागरी जीवशास्त्राची पदवी, वर्गात दुसरा नंबर, आणि काम काय, तर बांगडा पट्टीवर आडवा करायचा आणि त्याची लांबी वहीत लिहायची. बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, “काय, संपले का मासे मोजून?” आणि स्वतःच हसायचे.

हसत असले तरी मनात त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. सागर संवर्धन संस्थेतली तिची नोकरी सहा महिन्यांच्या करारावर होती आणि बाबांनीही तेवढीच मुदत दिली होती. कायम झाली तर ठीक, नाहीतर काकांच्या औषध कंपनीतल्या प्रयोगशाळेत मुकाट्यानं रुजू व्हायचं. काकांनी म्हणे खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती. कायम होणं एका अहवालावर अवलंबून होतं. या धक्क्यावर येणारा बांगडा वर्षागणिक लहान होत चाललाय का, हे तिनं शोधायचं होतं. होत असेल तर अंडी घालायच्या दोन महिन्यांत मासेमारी बंद ठेवा, असं संस्था सरकारला सांगणार होती.

सुरुवातीला तिला कुणी दारात उभं करेना. “बाजूला हो”, “पाय सांभाळ”, एवढंच काय ते बोलणं. थारा दिला तो लिलाववाल्या मावशींनी. या बाईचा आवाज असा खणखणीत, की बोट अजून पाण्यात असताना भाव ठरलेला असायचा. त्यांनी तिला बसायला एक उपडी बादली दिली, माशांचं निळं खोकं पुढ्यात सरकवलं आणि म्हणाल्या, “यातले मोज, पोरी. कुणी काही बोललं तर मला सांग.”

पोरीला अगदी भरून आलं. कॉलेजात शिकवल्याबरहुकूम ती खोक्यातला दर तिसरा मासा मोजायची. आवडनिवड नाही, अळमटळम नाही. तेवीस सेंटीमीटर, चोवीस, साडेतेवीस. साडेपाच महिने हे असं चाललं. आकडे इतके देखणे आले, की तिच्या साहेब असलेल्या मॅडम खूशच झाल्या. “पाच वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे गं बांगडा! कधी नव्हे ती चांगली बातमी. तुझं कायमचं पत्र मी स्वतः टाइप करणार बघ.” अहवाल शुक्रवारी जायचा होता.

मंगळवारी बस चक्क वेळेआधी आली. आयुष्यात कधी नाही तो हा शहाणपणा बसला नेमका त्याच दिवशी सुचावा! ती धक्क्यावर पोचली तेव्हा मावशी ढिगाशी उकिडव्या बसल्या होत्या. मासा उचलायचा, तळहातावर धरायचा, मोठा असला तर निळ्या खोक्यात टाकायचा. लहान असला तर मागे, बर्फघराच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली. दहातले नऊ ताडपत्रीखाली जात होते.

“मावशी, हे काय करताय?”

“अगं बाई, आज इतक्या लवकर? थांब जरा, तुझेच काढतेय.”

“माझे म्हणजे?”

“म्हणजे पट्टीवालीचे. तुला काय वाटलं, समुद्र तुझ्यासाठी रोज असे निवडून पाठवतो?”

“कधीपासून काढताय?”

“पहिल्या दिवसापासून,” मावशी कौतुकानं म्हणाल्या. “एक दिवस खाडा नाही.”

तिनं ताडपत्री वर केली आणि हाताला येईल त्या माशाला पट्टी लावली. चौदा. तेरा. पंधरा. एकदाही अंडी न घातलेली ही पिल्लं कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात जायची होती.

“मावशी, वाटोळं केलंत हो तुम्ही माझं!”

“मी?” मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. “अगं, पाहुण्यापुढे फुटका कप ठेवतं का कुणी? तू शिकलेली, लांबून आलेली, इथलं सगळं लिहून वर पाठवणार. त्या तुझ्यापुढे आमच्या समुद्राची ही दशा मांडू? लाज वाटते मला!” त्यांनी तिच्या हातातून ताडपत्री ओढून घेतली आणि ढीग झाकून टाकला.

परतीच्या बसमध्ये तिचं डोकं भणभणत होतं. निळ्या खोक्यातले मासे खरे होते, पट्टी खरी होती, आकडेही खरे होते. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? शुक्रवारी अहवाल, सोमवारी पत्र, काकांची खुर्ची काकांनाच लखलाभ. पण मग समुद्र ठीकठाक आहे असं तिच्या सहीनं वर कळवलं जाणार, आणि ती पिल्लं तशीच खाद्यात जात राहणार. शिवाय खरा राग मावशींवर नव्हताच. साडेपाच महिने आपण एका बादलीवर बसलो आणि एकदाही उठून भिंतीपाशी जाऊन पाहिलं नाही, याचा तिला राग आला होता. मिळालेल्या मायेनं ती इतकी सुखावली होती, की शंका घ्यायचंच विसरली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“हो, मॅडम.”

“आता अहवाल जाणार नाही. आणि रिकाम्या फाइलवर मी तुझ्यासाठी भांडू शकत नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

“करारातले पंधरा दिवस उरलेत. ते तरी नीट वापर.” बाई बोलल्या रागावून, पण तिला दारापर्यंत सोडायला उठल्या.

पुढचे चार दिवस मावशींनी तिच्याशी अबोला धरला. खोकं नाही, बादली नाही. शेवटी रविवारी ती सरळ भिंतीशी जाऊन जमिनीवरच बसली.

“मावशी, त्या दिवशी नको ते बोलले. चुकलंच माझं.”

मावशी बर्फ फोडत राहिल्या.

“पण तुम्ही मला पाहुणी का केलंत? साडेपाच महिने रोज येतेय मी इथे. घरच्या माणसापासून कुणी फुटका कप लपवतं का?”

बर्फ फोडणारा हात थांबला. मावशी उठल्या, आल्या, आणि त्यांनी ताडपत्री एका झटक्यात ओढली. तिची घडी करून काखेत मारली. आसपासचे लोक वळून बघायला लागले. “बघता काय? आपलेच मासे आहेत!” त्या सगळ्यांवर ओरडल्या. मग एक मासा तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी मनगटाच्या वर बोट टेकवलं. “मी नवी नवरी होऊन इथे आले, तेव्हा याची शेपटी इथवर यायची. आता मनगटसुद्धा गाठत नाही मेला.” त्यांनी डोळे पुसले, तेही माशाच्याच हातानं. “लिही.”

तिनं लिहिलं. चौदा. साडेतेरा. पंधरा. मावशी मासे देत होत्या, हाताला येतील तसे, न निवडता. तेवढ्यात फोन वाजला.

“काय, संपले का मासे मोजून?”

“नाही बाबा. आजपासून सुरू केलेत.”

“आजपासून? मग इतके महिने काय केलंस?”

“पाहुणचार घेतला.”

बाबा हसले नाहीत. “आणि काकांना काय सांगू?”

तिनं ढिगाकडे पाहिलं. तो अजून अर्धाही सरला नव्हता. तेवढ्यात मावशींनी पुढचा मासा पट्टीवर ठेवला.

“बोलत काय बसलीस? आधी हा लिही, बर्फ वितळतोय.”