सालीवरची वेणी

कार्तिकातलं कोवळं ऊन, दवानं भिजलेलं, केशराच्या रंगाचं, आंब्याच्या शेंड्यावरून पानापानांनी खाली उतरत होतं. आणि आमच्या सूनबाई, भाऊ न्यायला येणार त्या सकाळीसुद्धा, शिडीवर! पदर खोचलेला, केस मोकळे. माणसानं केव्हा काय करावं याचा काही पाचपोच?

मोहोराआधी बांडगूळ तोडायचं, ही आमची रीत. झाडाचं रक्त पिणारं ते. फांदीत मूळ खुपसतं, फांदी वाळवतं. चाळीस वर्षं माझा कोयता चुकला नाही. कालच बुंध्यावरचे हिरवे झुबके सपासप खरवडले मी. आणि ही हेमांगी ते वेचून, ओंजळीत जपून, पुन्हा सालीवर काथ्यानं बांधत होती.

"अगं, बांडगूळ का कुणी बांधतं?"

"बांडगूळ नव्हे, आई. आमरी आहे ही. झाडाचं काही खात नाही. नुसती टेकून असते."

टेकून म्हणे! मी जवळ गेले. चपटी, हिरवीगार, वेणीसारखी गुंफलेली पानं. त्यांतून उंदराच्या शेपटीएवढा तुरा. तुऱ्यावर मोहरीएवढी फुलं, पिवळी, नारिंगी, शेकडो. एवढ्याशा फुलाला पाकळ्यासुद्धा! कुणासाठी ग बाई? कोण बघणार होतं?

काल कोयत्यातून सुटलेल्या एका झुबक्याचं मूळ नखानं उचकटून पाहिलं. आत शिरलेलंच नव्हतं. पांढरंशुभ्र, सुतासारखं, सालीच्या भेगेला बिलगलेलं. खालची साल ओली, अभंग, निरोगी. मग चाळीस वर्षं मी काय काय तोडलं? त्यातलं बांडगूळ किती, आमरी किती? धुकं बागेत होतं की माझ्या डोळ्यांत, कळेना.

माझा रघुवीर जाऊन तीन वर्षं झाली. यंदाच्या चतुर्थीला, भरल्या घरात, मीच बोलले होते: लेक गेला, बांडगूळ राहिलं. तिनं ऐकलं. दुसऱ्या पहाटेही माझ्या आंघोळीचं पाणी तिनंच तापवलं. तरी तिच्या भावाला निरोप धाडला तो मी, 'घेऊन जा' म्हणून.

कुंपणाच्या बेड्याशी रिक्षा थांबली. भाऊ उतरला. हेमांगीच्या बोटांतून शेवटची गाठ निसटली; मोहरीएवढं एक फूल सुटलं, उन्हातून भिरभिरत माझ्या हातातल्या कोयत्यावर येऊन बसलं.

कोयता मी बुंध्याशी खाली ठेवला.

"सैल बांधलंस," मी म्हटलं. "एक काम धड येत नाही तुला. भावाला जेवू घाल, सोलकढी वाढ, आणि एकट्याला लाव वाटेला. बांधलंस ना तू? मग ती आमरी साल धरेपर्यंत, हेमांगी, या झाडाखालून तुला हलायचं नाही."