एक टेप बाहेर असू द्या

मी शुक्रवार बोलतेय. वार नव्हे, टेप. तळहाताएवढी काळी डबी, आत भुरी फीत. आवाज कापतोय, पण त्याला इलाज नाही. पाणी, धूळ, लोहचुंबक, मला सगळ्याचीच भीती वाटते. आजची भीती मात्र वेगळी आहे, म्हणून तोंड उघडलं.

१९९७ साली मी नाशिकच्या एका छोट्या रक्तपेढीत आले. आम्ही सहा बहिणी. पेढीच्या कॉम्प्युटरवर रक्तदात्यांची यादी होती. नाव, रक्तगट, फोन, पत्ता. जुनी रजिस्टरं रद्दीत गेलेली. मशीन बिघडलं तरी यादी राहावी म्हणून ती आमच्यावर उतरवायची. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या शुभांगीताईंनी आमचं वेळापत्रक आखलं. सोमवार ते गुरुवार रोज एक बहीण, आणि शुक्रवारी आम्ही दोघी आळीपाळीने. आमच्यातली एक कपाटात, दुसरी शिपाई देवरामकाकांच्या देवळाली कॅम्पातल्या घरी. भिंतीवरच्या त्या कागदाखाली ताईंनी लाल शाईने लिहिलं होतं, ‘एक टेप कायम इमारतीबाहेर.’

१९९९च्या खंडेनवमीला काकांनी मला डब्याच्या पिशवीत घातलं आणि पूजेला घेऊन आले. ताई दचकल्याच.

“काका, हिला का आणलंत?”

“ताई, वर्षाचा सण हे. सगळ्यांना कुंकू लागंल अन् ही एकटीच घरी? बरं दिसतं का? संध्याकाळी नेतो ना परत.”

ताई कागदाकडे बघत राहिल्या, पण सणाच्या दिवशी त्यांना नाही म्हणवेना. आम्हा सहाही जणींना पहिल्यांदाच एका पाटावर बसवलं, मशीनला अगदी खेटून. सगळ्यांना आनंद झाला होता. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

काकांनी टेबलाच्या लोखंडी कडेवर नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट मशीनमध्ये. चर्रकन आवाज झाला आणि पडदा काळा पडला. पाच बहिणी नखशिखांत भिजल्या. माझ्यापुढे झेंडूची परडी होती, म्हणून मला चारच थेंब लागले.

तासाभरात सायखेड्याचे जयराम हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन धावत आले. त्यांची बायको चांगुणा बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्हच्या तीन बाटल्या हव्या होत्या, पेढीत एकच होती.

“दुसरं कोण देणार, त्याला फोन करा ना ताई! लय रक्त गेलंय तिचं.”

फोन कुणाला करणार? नावं तर आमच्यात. ओल्या टेपा लावण्यात अर्थ नव्हता. ताईंनी मला पदराने पुसलं आणि पेढीच्या डॉक्टरांच्या खोलीतल्या दुसऱ्या मशीनला लावलं. मी फिरू लागले तसं कडेचं चिकट पाणी खर्र खर्र करायला लागलं. मी तुटले तर? माझ्यामागे कोणीच उरलं नव्हतं. एवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

ओ निगेटिव्हची दोन नावं मिळाली, समाधान आणि संजना. दोघंही आले. चांगुणा वाचली. काका कोपऱ्यात बसून लहान मुलासारखे रडले.

मी पुन्हा फिरण्याजोगी राहिले नाही. ताईंनी मला टेबलाच्या खणात ठेवलं, ते आजतागायत. आता २००६ साल आहे. काका निवृत्त झाले, ताई पुण्याला गेल्या. नव्या टेपा आल्या. बाहेरची टेप आता काकांच्या जागी आलेल्या सरुबाईंच्या घरी असते. गेल्या दिवाळीत भिंती रंगवताना तो कागद निघाला. कोणीतरी त्याची घडी करून माझ्याच अंगावर टाकली.

मघाशी नवे साहेब म्हणाले, “सरुबाई, उद्या खंडेनवमी. घरची टेपसुद्धा आणा. सगळ्यांची एकत्र पूजा करू.”

“आणते की साहेब. तिलाच का मागं ठेवायचं?”

नारळ आणून ठेवलाय, माझ्या वरच्याच टेबलावर. मला ओरडता येत नाही. पूजा करा, कुंकू लावा, पण त्याआधी कोणीतरी हा खण उघडा हो. लाल शाई अजून पुसलेली नाही.