रत्नागिरी ३५

आखातात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला अंतर विचारा, तो मिनिटं सांगतो. साठ किलोमीटर म्हणजे अर्धा तास. तिथे हा हिशेब चुकत नाही. मन्सूरने ही सवय बॅगेबरोबर गावी आणली, आणि कस्टमवाल्यांनीही ती अडवली नाही.

पहाटे आम्मी गेली. विमान मिळालं ते गोव्याचं. तिथून टॅक्सीने लांजा मागे टाकलं तेव्हा हिरवा बोर्ड दिसला : रत्नागिरी ३५. तेवढ्यात मामूंचा फोन.

"कुठे पोचलास रे? असरच्या नमाजनंतर मिट्टी द्यायची, की रात्री इशापर्यंत थांबवू? जमात थांबते म्हणते."

एकुलता मुलगा. आम्मीला आपल्या हातांनी कबरीत उतरवायचं, एवढ्यासाठीच तो निघाला होता.

"तिला कशाला ताटकळत ठेवता, मामू? पस्तीस किलोमीटर राहिलेत. फार तर अर्धा तास. नमाज झाली की कब्रस्तानात न्या, मी थेट तिथेच येतो."

ड्रायव्हर सर्वेशने आरशातून पाहिलं. "भाऊ, मला विचारायचं तरी."

"बोर्डावर लिहिलंय की!"

"रुंदीकरणात उपटलेला बोर्ड तो. जागा मिळाली तिथे रोवला."

बऱ्याच वेळाने पुढचा बोर्ड आला : रत्नागिरी ४१. मग 'वळणरस्ता ५०० मी.' पाचशे मीटरवर वळण खरोखरच होतं. ते संपतं कुठे, हे लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. लाल धुळीत ट्रकमागे ट्रक उभे होते. अर्धा तास तिथेच गेला.

पुन्हा मामू. "सगळे कब्रस्तानात उभे आहेत बाबा. तू म्हणालास म्हणून आणलं. दिवस बुडायला आला. आता किती?"

मन्सूरने सर्वेशकडे पाहिलं.

"खरं सांगू? तास तरी."

"मामू, परत घरी..."

उचललेला जनाजा माघारी नेत नाहीत, हे मन्सूरलाही ठाऊक होतं.

"तुम्ही उतरा कबरीत, मामू," तो म्हणाला. "मान सांभाळा तिची."

मामू फोन बंद करायला विसरले, की त्यांनी मुद्दामच केला नाही, कोण जाणे. त्यांच्या खिशातून कुणाचं तरी "हळू, हळू" ऐकू आलं. मग कबरीत आडव्या बसवलेल्या फळ्या. मग माती, मुठीमुठीने.

सर्वेशने एसी बंद केला. पुढचा रस्ता मोकळा झाला होता, मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मन्सूरने काच न उघडताच त्याला थांबायची खूण केली.