हर्णैचं पाणी

कोपरापर्यंत हात माशांच्या काचेच्या टाकीत घालून हेरंब पोवळ्यांवर चढलेलं हिरवं गवत उपटत होता. एका बाजूनं उपटावं, तर तुटलेले दोरे तरंगत जाऊन दुसरीकडे चिकटत. थोड्या वेळात ऑफिसमधले सभरवालसाहेब सहकुटुंब यायचे होते, आणि ते काही क्षिप्राच्या हातच्या पुरणपोळ्यांसाठी येत नव्हते. गुडगावात सातव्या मजल्यावर समुद्र कसा नांदतो, ते त्यांना बघायचं होतं.

आणि तो नांदत होताही. सागरी वनस्पती आणि जिवंत पोवळी एका टाकीत ठेवू नयेत, असं जाणकार सांगत. हेरंबनं ठेवून दाखवली होती. वनस्पतींनी पाण्यातला मळ खायचा आणि पोवळ्यांनी त्या निवळ पाण्यात फुलायचं, असा त्याचा बेत. वीज गेली की इन्व्हर्टरवर टाकीचे पंप चालत. आईच्या खोलीतला पंखा त्या लाइनवर नव्हता. पण दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. गवत माजलं आणि गुलाबी पोवळी मिटून बसली.

त्यानं दुसऱ्या हातानं काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी गडद निळं झालं.

"फॉस्फेट," तो म्हणाला. "गवताचं खतच ते. कुणीतरी टाकीत काहीतरी टाकतंय. क्षिप्रा, कामवालीला विचारलंस?"

"ती टाकीच्या जवळही जात नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तूच माशांना जास्त खायला घालत असशील, यार."

सोफ्याच्या कडेला त्याची आई, इंदुमतीबाई, मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली.

"मी टाकते," त्या म्हणाल्या.

"काय टाकतेस, आई?"

"ह्यांच्या अस्थी."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

हेरंबच्या वडिलांनी, श्रीपादरावांनी, सगळी नोकरी दिल्लीत केली. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून ते जन्मभर आपल्या कोकणातल्या गावच्या, हर्णैच्या समुद्राबद्दल बोलत राहिले. आपल्या अस्थी तिकडेच सोडा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. ते गेले तेव्हा हेरंबची कंपनी नवा प्लांट उभारत होती. त्यानं एका सकाळी गढमुक्तेश्वरला जाऊन बऱ्याचशा गंगेत सोडल्या आणि उरलेल्यांसाठी आईला शब्द दिला. मार्च उलटू दे, आपण हर्णैला जाऊ. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून फडकं बांधलेला तांब्या बाल्कनीत टांगलेला राहिला. तो मार्च उलटला, पुढचाही उलटला. आई एकदाही काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही याचं हेरंबला बरंच वाटत आलं होतं.

त्याच्या मनात पहिला विचार पोवळ्यांचा आला. आता ती वाचायची नाहीत. मग आपल्याला आधी हे सुचलं याची त्याला लाज वाटली, आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट आठवून कानशिलं तापली. पाहुणे आले की तो टाकीवर टिचकी मारून सांगायचा, "हमारे गाँव के समंदर का पानी है, ड्रम भरकर आता है." विकतचं मीठ नळाच्या पाण्यात कालवलंय म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात, म्हणून. आई तिथेच बसलेली असायची. तिनं ते खरं धरलं असणार.

"आई, हे पाणी हर्णैचं नाही गं," तो म्हणाला. "मी लोकांना उगीच सांगतो."

"माहीत आहे की. मिठाचे पुडे कापायला कात्री मीच देते ना तुला?"

"मग?"

"पाणी खोटं आहे. पण पोवळी खरी समुद्रातली आहेत, हे गवतही तिथलंच. म्हटलं, तेवढं पुरे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारात हवी ती भाजी न मिळाल्यावर बायका दुसरी घेतात, तशा त्या बोलत होत्या. "तू पाहुण्यांना हौसेनं सांगायचास ना, तेव्हा वाटायचं, ह्याच्याकडून एवढंच व्हायचंय. आपण त्यात भागवावं. माशांना त्रास नको म्हणून चिमूटचिमूट टाकत गेले."

"आपण जाऊ, आई. याच महिन्यात. बिल्कुल जाऊ. मी उद्याच तिकिटं काढतो."

"आता काय न्यायचं? तांब्या रिकामा झाला."

हेरंबनं काचेतून तळाच्या पांढऱ्या वाळूकडे पाहिलं. वाळूत करडं काही दिसतंय का, ते तो शोधू लागला.

"इथे आहेत ना सगळ्या," तो म्हणाला. "वाळू काढू. वाळूच घेऊन जाऊ."

"सगळ्या कुठल्या?" इंदुमतीबाईंनी टरफलं वर्तमानपत्रात गोळा केली. "दर रविवारी तू नळीनं तळाचा गाळ ओढतोस आणि बादली बाथरूममध्ये ओतून येतोस. तेवढा वेळ मी बाल्कनीत जाऊन उभी राहते. तो आवाज मला ऐकवत नाही."

सोललेल्या दाण्यांची वाटी घेऊन त्या उठल्या. जाता जाता सुनेला म्हणाल्या, "अगं, त्याला टॉवेल दे. पाहुणे येतील आता."

क्षिप्रानं टॉवेल आणला. हेरंबनं हात टाकीतून बाहेर काढला. कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्यानं दुसऱ्या हाताची ओंजळ त्याखाली धरली. क्षिप्रा टॉवेल पुढे करून उभी होती. तो त्यानं घेतला नाही.