आबांनी ऐकलेली इस्टेट

बद्रीनाथ आबांचा डावा कान पार कामातून गेलेला, पण हे त्यांना सांगायची घरात कुणाची छाती नव्हती. जन्म गावच्या राजकारणात गेला. कुणी नुसता रामराम घातला तरी, ह्यानं आज का म्हणून रामराम घातला, असं मनात धरणारा माणूस.

गुरुवारी दुपारी ते मोरीवर पाय धुवायला गेले, तेव्हा धाकटी सून रोहिणी चुलीपाशी बसून आईशी फोनवर बोलत होती. ती म्हणाली, ईस्टरचं यंदा घरीच करू, तेजूसाठी, पण मामांच्या कानावर जाऊ देऊ नको. मामा म्हणजे सासरे, आबाच. रोहिणी बीडच्या ख्रिस्ती घरातली, आबांच्या धाकट्या पोरानं, रविराजनं, हट्टानं करून आणलेली. आल्यापासून तिनं पोळा केला, गौरी मांडल्या, आपल्या सणाचं कधी नाव काढलं नाही. आता तेजू दुडुदुडु पळायला लागली होती. लेकीला आपल्या लहानपणची गंमत दाखवावी, एवढंच बिचारीच्या मनात.

आबांच्या कानात शिरलं ते वेगळंच. इस्टेटीचं घरीच करायचं, तेजूच्या नावानं, अन् आपल्याला कळू न देता!

इस्टेट म्हणजे कॅनॉलखालचं रान. बारमाही पाणी, पुरुषभर ऊस. खुर्ची गेली, दारातल्या जीपा गेल्या, पण ते रान नावावर आहे तोवर घरात आपला शब्द चालतो, हे आबा पुरतं जाणून होते. ते गेलं की कोण विचारतंय म्हाताऱ्याला!

मग काय, आबा डोळ्यांत तेल घालून बसले. शुक्रवारी रोहिणीची बोटं बीट पिळून लाल झालेली दिसली. कांद्याची सालं फेकायची सोडून ती डब्यात भरत होती. काय चाललंय म्हणून विचारलं तर काही नाही मामा म्हणाली अन् डब्यावर पदर टाकला. शनिवारी तर कहरच झाला. छबुबाई, म्हणजे आबांची लग्नाची बायको, सुनेच्या कानाशी लागून हसत होती आणि आबा दिसताच गप झाली. बायकोही फितूर! आबांना जेवण गेलं नाही.

घरात इमानी असा एकच, थोरला विजयसिंह. बीडला राहायचा, आबांचं कोर्टकचेरीचं सगळं तोच बघायचा. संध्याकाळी आबांनी त्याला फोन लावला.

"विजय, इस्टेटीचा समदा डाव कळलाय मला. सकाळी ये. समोरासमोर होऊन जाऊ दे."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो एवढंच म्हणाला, "येतो, आबा." भावानं दगा दिला म्हणून पोरगं हादरलं, असं आबांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

रविवारी उजाडताना रोहिणी पदराखाली काहीतरी झाकून गोठ्यात शिरली आणि रिकाम्या हातानं परतली. आबा मागोमाग गेले. पेंडीच्या पोत्यामागं हात घातला आणि बाहेर काय आलं, तर हळदीनं पिवळंधमक रंगवलेलं उकडलेलं अंडं. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात अंडं! तेवढ्यात टोपली घेऊन तेजू धावत आली, टाळ्या पिटत ओरडली, "आबाला घावलं, आबाला घावलं!"

तिच्या मागं रोहिणी आली आणि जागीच थिजली. आज ईस्टर, पोरीनं शोधायची म्हणून बीट, हळद, कांद्याच्या सालांनी अंडी रंगवून लपवली, माळकऱ्याच्या घरात चूक झाली, हे तिनं खाली मान घालून सांगितलं. आबांनी तिला तीनदा विचारलं, इस्टेट न्हाई ना? ईस्टरच ना? आणि मग इतके हसले की ठसका लागला. जीव भांड्यात पडला. सुनेवर घेतलेल्या संशयाची त्यांना लई लाज वाटली. अंडं तेजूच्या टोपलीत ठेवलं, हात धुतले आणि रोहिणीला म्हणाले, पुढच्या साली चोरून करू नको.

आबांचं बोलणं पुरं होतंय तोच दारात गाडी थांबली. विजयसिंह उतरला. रात्रभर झोपला नसावा. कुणाकडं न बघता त्यानं सरळ आबांचे पाय धरले.

"आबा, चुकलो. कॅनॉलखालचं रान परत तुमच्या नावावर करून देतो. मोतीबिंदू काढल्यावर तुमच्या डोळ्याला पट्टी होती तवा सह्या घ्यायला नको होत्या. पण तुमाला सांगितलं कुणी? ह्या रोहिणीनं?"

आबांनी पाय मागं घेतले.

"कुणीच न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "तूच सांगितलंस. आत्ता."