चिकाच्या लुगड्यातला फोटो

मित्रांनो, मी कपाटात पडून असलेला एक जुना कॅमेरा आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळवे व्हावे, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि इतकी वर्षे अंधारात बसूनही तो राग उतरलेला नाही.

माझा जन्म जपानातला. बोटीवर काम करणाऱ्या एका खलाशाने मला वसईला आणले आणि जवळच्या पापडी गावच्या फेबियनला विकले. फेबियनचा बाजारात छोटा स्टुडिओ होता. बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळीकडे मी त्याच्या गळ्यात असे. माझी काच स्वच्छ होती आणि माझा आवाज खणखणीत होता. लोक म्हणत, फेबियनचा कॅमेरा खोटे बोलत नाही. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटे.

फेबियनच्या स्टुडिओत एक नियम होता. माणूस अंघोळ करून, केस विंचरून, घरातले चांगले कपडे घालूनच फोटोला बसे. कामाच्या कपड्यांत कोणी बसत नसे, आणि कोणी बसले असते तर फेबियननेच त्याला घरी पाठवले असते. फोटो भिंतीवर लागतो आणि माणूस गेल्यावर त्याच्या जागी राहतो, असे तो म्हणे.

फेबियनची मुलगी पॉलिन त्याच्याच हाताखाली शिकली. तिचे लग्न गावातच ॲन्सेल्मशी झाले, तेव्हा फेबियनने मला तिच्या खांद्याला अडकवले. सासरी ती मला पत्र्याच्या डब्यात ठेवी. वसईची हवा दमट, म्हणून डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी असे. दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आली की ती तांदूळ बदली आणि मऊ कापडाने माझी काच पुसे. त्या घरात मला काही कमी नव्हते.

सत्त्याण्णव साली पॉलिनच्या मनात एक गोष्ट आली. मुंबईत फोर्टमध्ये एक एजन्सी होती. तिथे हजारो फोटोंचा साठा असे. कोणाला कॅलेंडरसाठी, पुस्तकासाठी किंवा जाहिरातीसाठी फोटो हवा असला, की तो एजन्सीला पैसे देऊन वापरायला घेई. फोटो काढणाऱ्याला त्यातला वाटा मिळे. पण एजन्सी कोणाचेही फोटो घेत नसे. पहिला गठ्ठा तिच्या पसंतीस उतरावा लागे. पॉलिनला तिथे आपले फोटो असावेत असे फार वाटे. दुसऱ्यांच्या लग्नांपलीकडे आपल्या डोळ्यांना काय दिसते ते कोणीतरी बघावे, एवढीच तिची इच्छा होती. ॲन्सेल्म तिला चिडवी. लग्नाच्या ऑर्डरी सोडून केळीचे फोटो काढणारी बायको फक्त आपल्याच नशिबी आली, असे तो शेजाऱ्यांना सांगे.

पहिला गठ्ठा घेऊन ती गेली. तिथल्या साहेबाने तिच्या स्लाइडी, म्हणजे चौकटीत बसवलेले पारदर्शक फोटो, उजेडाच्या टेबलावर मांडल्या आणि छोट्या भिंगातून एकेक पाहिली. सगळ्यांत गावची माणसे होती. लाल लुगडी, सोन्याच्या माळा, झाडलेली अंगणे, आणि सरळ माझ्याकडे बघणारे डोळे.

"मॅडम, हे सगळे लग्नाला निघालेत," तो म्हणाला. "मला रिअल माणसं पाहिजेत. घाम, माती, सुरकुत्या."

मित्रांनो, माझ्या रागाची सुरुवात इथून आहे. रविवारी नीट नेसून बसलेला माणूस खोटा, आणि घामाने भिजलेला तेवढा खरा, हे त्या साहेबाला कोणी शिकवले? पण पॉलिन मान खाली घालून निघाली. तिला वाटले, चूक आपलीच.

घरी तिची सासू सालोमी होती. नवरा गेल्यापासून सालोमीच वाडी सांभाळत होती. केळी होत्या, पानवेल होती, आणि मधोमध बावखल, म्हणजे पाण्याचे छोटे तळे होते. केळीचा घड उतरवताना झाडाचा चीक अंगावर गळतो. त्याचा काळा डाग काही केल्या जात नाही. म्हणून वाडीतल्या प्रत्येक बाईचे एक वेगळे लुगडे असते, चिकाचे लुगडे. ते डागांनी भरलेले असते, फाटले तरी टाकत नाहीत, आणि ते नेसून कोणी बाजारात जात नाही. गावात ते डाग बघून कोणी कोणाला गरीब म्हणत नाही. उलट ज्या बाईच्या लुगड्याला डाग जास्त, तिची वाडी मोठी.

पॉलिनने सासूला त्या लुगड्यात फोटो मागितला. सालोमी हसलीच नाही.

"त्या लुगड्यात? लोक म्हणतील, सून मला खायला घालत नाही."

"आई, गावात कोण बघणार? मुंबईला जायचाय तो फोटो."

"मग मुंबईची लोकं म्हणतील."

पॉलिन पुढे बरेच दिवस तिच्या मागे लागली. शेवटी सालोमीने अट घातली. त्याआधी काही वर्षे गावात संध्याकाळी मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग भरत असत. तिथे सालोमी अक्षरे शिकली होती आणि दिसेल ते बोट लावून वाचत असे. ती म्हणाली, "फोटोवर माझं नाव पाहिजे. आणि 'वाडी हिची आहे' हेही पाहिजे. नाहीतर नको." पॉलिनने तिचा हात धरून शब्द दिला.

तो फोटो मीच काढला. सकाळचे काम संपवून सालोमी बावखलाच्या काठावर बसली होती. तळव्याला चीक चिकटला होता. तो सुटावा म्हणून तिने त्यावर खोबरेल चोळले होते आणि हात उघडा करून उन्हात धरला होता. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन, आणि दमल्यावर येते तसे स्वस्थपण. मी आयुष्यात काढलेला तो सर्वांत चांगला फोटो आहे. आजही मी हे छाती काढून सांगतो.

स्लाइड धुऊन आली तेव्हा तिच्या पांढऱ्या चौकटीवर पॉलिनने बारीक अक्षरांत लिहिले: सालोमी, पापडी, आपल्या वाडीत. सालोमीने बोट लावून ते वाचले आणि डोके हलवले.

या वेळी एजन्सीने फोटो घेतले. सगळे नाही, थोडेच. पण सालोमीचा फोटो साहेबाने दोनदा भिंगाखाली घेतला. त्या दिवशी पॉलिन वडे तळत होती आणि रडत होती. ॲन्सेल्म आता गावभर सांगत फिरला की त्याच्या बायकोचे फोटो मुंबईच्या कंपनीने निवडले. फेबियन म्हातारा झाला होता. त्याने मला हातात घेऊन माझ्या पाठीवर थाप मारली.

स्लाइडला निगेटिव्ह नसते, मित्रांनो. जी असते ती एकच. ती एजन्सीच्या खणात राहिली.

पुढच्या वर्षी शेजारची ज्युली ओटीवर आली. ती भावजयीला घेऊन नालासोपाऱ्याच्या एका दवाखान्यात गेली होती. "काय गं पॉलिन," ती म्हणाली, "सासूला घराबाहेर काढलंस आणि आम्हाला कळवलंही नाहीस?" दवाखान्याच्या भिंतीवर कुठल्याशा संस्थेचे पोस्टर होते. त्यावर सालोमी होती. तेच लुगडे, तेच मिटलेले डोळे, आणि तोच उघडा हात. खाली मोठ्या अक्षरांत छापले होते: हिला कोणी नाही. हिच्या हातात काहीतरी ठेवा.

पॉलिनचा चेहरा उतरला. सासूला काही कळू देऊ नकोस, असे तिने ज्युलीला विनवले आणि दुसऱ्याच दिवशी मला पिशवीत टाकून फोर्टला गेली. मी सगळे ऐकले. नाव कुठे गेले, असे तिने विचारले. साहेब म्हणाला, नावाने फोटो कोण मागतो? त्यांच्या यादीत त्याला 'वृद्ध ग्रामीण स्त्री' म्हणतात. फोटो परत मागितला तर म्हणाला, करार झालाय, तो आता इथेच राहणार. वर चहा मागवला. आणि शेवटी म्हणाला, "असा चेहरा मिळत नाही हो. याच बाईचे आणखी आणा."

मला तेव्हा हात असते, तर मी त्या टेबलावरचा दिवा फोडला असता. माझ्यात खोटेपणा नव्हता. मी चीक दाखवला, त्यांनी भीक वाचली. मी तेल लावलेला तळवा दाखवला, त्यांनी तो पसरलेला हात केला. खोटे बोलत नाही म्हणून ज्याचे गावाने कौतुक केले, त्याच्याच काचेतून हे निघाले.

पॉलिन घरी आली तेव्हा सालोमी ओटीवर बसली होती. ज्युलीच्या पोटात गोष्ट राहिली नव्हती. सालोमीने लाल लुगडे नेसले होते, गळ्यात सोन्याची माळ घातली होती आणि केसांत अबोली माळली होती.

"चल," ती म्हणाली. "मला दाखव. आणि तो कॅमेरा घे."

दवाखान्यात बाकांवर माणसे बसली होती. सालोमी पोस्टरसमोर उभी राहिली, बोट लावले आणि मोठ्याने एकेक अक्षर वाचू लागली. "हि... ला... को... णी... ना... ही." सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने पूर्ण पोस्टर वरपासून खालपर्यंत शोधले.

"माझं नाव कुठंय?" तिने विचारले.

तेवढ्यात हेलन नावाची नर्स पुढे आली आणि म्हणाली, मावशी, भिंतीला हात लावू नका. सालोमीने तिच्याकडे तोंड केले.

"बाय, ही कोण आहे, ओळख."

हेलनने पोस्टरकडे पाहिले, मग सालोमीकडे, मग परत पोस्टरकडे. तिने औषधाच्या बाटल्यांवर लिहायचा जाड पेन खिशातून काढून दिला.

सालोमीने छापील शब्दांच्या खाली लिहिले. अक्षरे तिरकी होती, वेलांट्या मोठ्या होत्या, आणि प्रत्येक अक्षरानंतर ती थांबत होती. सालोमी, पापडी. वाडी हिची. मग ती पोस्टरच्या शेजारी ताठ उभी राहिली, पदर सारखा केला आणि सरळ माझ्याकडे बघितले.

"आता काढ," ती म्हणाली.

पॉलिनने घाईघाईने मला डोळ्याला लावले. तरी फोटो हलला नाही. तेवढे मी सांभाळले.

तो फोटो पॉलिनने कोणालाच पाठवला नाही. एजन्सीत ती पुन्हा गेली नाही, आणि जाहिरातवाल्यांसाठी पुन्हा फोटो काढायचा नाही, अशी तिने जी शपथ घेतली ती मलाही भोवली: माझ्याकडे फक्त लग्नेच उरली. पुढे लग्नांसाठी नवा डिजिटल कॅमेरा आला. माझ्या डब्यातले तांदूळ कोणी बदलेनासे झाले. त्यांना किडे लागले, आणि माझ्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. याचाही मला राग आहे, ते मी लपवत नाही. लबाडी टेबलावर झाली आणि शिक्षा डोळ्याला मिळाली.

गेल्या वर्षी सालोमी गेली. ॲन्सेल्मने भिंतीसाठी फोटो शोधले, तेव्हा पॉलिनने दवाखान्यातला फोटो पुढे केला. तोच लागला. चांगल्या लुगड्यातली सालोमी पुढे, चिकाच्या लुगड्यातली मागे, आणि दोघींच्या मध्ये तिची तिरकी अक्षरे. मयताला आलेली ज्युली त्याच्यापुढे उभी राहून बराच वेळ वाचत होती.

मित्रांनो, हल्ली तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी फोनमध्येच कॅमेरा असतो. तुम्ही वाटेल त्याचा फोटो काढता आणि वाटेल तिकडे पाठवता. मी तुमच्याकडे कापड मागत नाही, तांदूळही मागत नाही. माझी काच आता कोणाच्याने साफ होणार नाही. पण ज्याचा फोटो काढाल, त्याला आधी विचारा, त्याचे नाव त्याच्याच तोंडून ऐका आणि फोटोबरोबर लिहा. जिथे ते नाव पुसतात, तिथे फोटो देऊ नका, कितीही वाहवा झाली तरी.

माझ्या डब्याचे झाकण केव्हाच हरवले आणि कपाटाचे दार नीट लागत नाही. फटीतून ओटीची भिंत दिसते. बुरशीमुळे मला सालोमीचा चेहरा आता धूसर दिसतो, पण अक्षरे दिसतात. आणि फोर्टच्या त्या खणात ती स्लाइड अजून पडलेली आहे. तिच्या पांढऱ्या चौकटीवर पॉलिनने लिहिलेले नाव आहे, आणि ते कोणी वाचत नाही.